वसईत कोण कोण राहायचं

– काय हो ताई, रविवारी कुठं गायब होतात सगळे? सकाळपासून दाराला कुलूप, दुधाची पिशवी पायरीवर तशीच. शेवटी मीच गेट उघडून आत आले नि उचलून आमच्या फ्रिजमध्ये टाकली. नाहीतर त्या बोक्याने फडशा पाडला असता.

– बरं झालं बाई. यांना रात्रीच सांगितलं होतं, दूधवाल्याला मेसेज टाका म्हणून. टाकला असेल तर शपथ. वसईला गेलो होतो, किल्ला बघायला. थांबा, तुमच्यासाठी सुकेळी आणलीत, आलेच... हं, धरा. जपून, खाली बोगनवेलीचे काटे आहेत.

– अगंबाई, सुकेळी! किती वर्षांनी. आणि सोपटात बांधलेली.

– मुद्दाम तशीच घेतली. प्लॅस्टिकच्या पाकिटातली पण होती, पण ती नुसती गोड लागतात, त्यांना केळीचा वास नसतो. ही राजेळी केळ्यांची आहेत, उन्हात वाळवलेली. आणि लगेच संपवू नका, एकेक चघळून खायचं असतं.

– वसईची टूम काढली कुणी? तुमचे हे तर आरामखुर्ची सोडायला तयार नसतात.

– सूनबाईने. नातवाच्या शाळेत प्रकल्प दिलाय, जवळच्या ऐतिहासिक ठिकाणाची माहिती आणि फोटो. कल्याणचा दुर्गाडी म्हणे वर्गातल्या निम्म्या मुलांनी घेतला. मग वसई निघाली. मुलगा म्हणाला गाडी काढू, घोडबंदर रोडने जाऊ. हे म्हणाले, रविवारी घोडबंदरला अडकायचं असेल तर किल्ल्याचे फोटो पुस्तकातनंच काढा. झाली बापलेकांची सुरू. मी म्हटलं, भांडताय कशाला, कोपरहून दिवा–वसई पकडा. डोंबिवलीत आयुष्य गेलं, पण तुम्हाला सांगते, आमच्या घरात त्या गाडीत मी सोडून कुणी बसलेलं नव्हतं.

– ती गाडी मिळते कुठं पण? दिवसातून मोजक्याच.

– वेळ बघून निघायचं. कोपरला वरच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं की ती येते डुलत. आणि वहिनी, बसायला जागा! भिवंडी रोड, खारबाव, कामण, जूचंद्र, लगेच वसई रोड. मध्ये खाडी लागते, खारफुटी लागते, बगळे. नातू खिडकीपासून हलला नाही. सूनबाई म्हणाली, आई, ही गाडी आपल्या इतक्या जवळून जाते आणि आम्ही रोज दादरला चेंगरून मरतोय.

– आणि तुमचा गुडघा? किल्ला चढवला कसा?

– चढ कुठला हो तिथं! तीच तर गंमत. मीसुद्धा बाम, नी-कॅप, काठी सगळं बांधून घेतलं होतं. सूनबाईने नवे बूट घेतले होते ट्रेकचे. रिक्षावाल्याने आम्हाला जिथं सोडलं तिथं जमीन सपाट, आपल्या अंगणासारखी. समुद्राच्या पातळीला. ती म्हणाली, किल्ला कुठाय? म्हटलं, बाई, तू आत उभी आहेस. डांबरी रस्ता आतून सरळ बंदरापर्यंत जातो. रिक्षा जातात, मोटारसायकली जातात, कोळणी पाट्या घेऊन जातात. तिला वाटत होतं राजगड-रायगड. हा तसला किल्लाच नव्हे. गाव आहे ते, भिंतीच्या आतलं. चांगली साडेचार किलोमीटर भिंत, बुरूज दहा-अकरा, आणि आत रस्ते, चर्च, मठ, दवाखाना, कैदखाना, नगरपालिका म्हणावी असलं मंडळ, मोठ्या लोकांचे वाडे. एका बाजूने जमिनीचा दरवाजा, दुसरीकडून बंदराचा.

– मग आता तिथं काय शिल्लक आहे?

– भिंती. भिंतींना छपरं नाहीत, आणि वडा-पिंपळांची मुळं चिऱ्यांमधून अशी उतरलीत की भिंत झाडाला धरून आहे का झाड भिंतीला, ते कळत नाही. बाकी सगळं गेलं. लाकूड गेलं, कौलं गेली, घडीव दगडसुद्धा लोकांनी नेले. जमिनीच्या दरवाज्यातून आत शिरताना तर मला वाटलं रस्ता संपला. आत गेलात की समोर भिंत, मग वळायचं, मग पुढचा दरवाजा. हत्तीला धाव घेता येऊ नये म्हणून केलेलं. नातू तिथून चार वेळा धावत गेला, हत्ती होऊन. चौथ्या वेळेला ठेचकाळला.

– रडला?

– रडला कसला. हे लगेच, “बघ, पोर्तुगीजांचा बंदोबस्त अजून चालतो.” आणि तिथनं जे सुरू झाले, चिमाजी आप्पा, चिमाजी आप्पा! कुठं तोफा लावल्या, कुठं सुरुंग लावला, कुठला बुरूज उडाला. चांगलं आहे, मी नाही म्हणत नाही. पण मला त्याचा वैताग येतो, वहिनी. तुम्ही बघा, वसई पोर्तुगीजांना मिळाली १५३४ साली. गुजरातच्या बहादूरशहाने तह करून दिली. ती मराठ्यांनी घेतली १७३९ साली. म्हणजे दोनशे वर्षं तिथं माणसं राहिली. आणि आपल्याला शिकवतात काय, तर शेवटचे तीन महिने. फेब्रुवारीत वेढा पडला, मे महिन्यात संपला, धडा संपला. मधल्या दोनशे वर्षांत त्या घरांतून भात शिजला असेल, लग्नं ठरली असतील, सासवासुनांची भांडणं झाली असतील, कुणाच्या विहिरीचं पाणी कुणी भरलं यावरून तोंडं फिरली असतील. ते कोण सांगणार? मी लायब्ररीत नोकरी केली ना, तिथं फावल्या वेळात हेच शोधायची. लढाया सगळ्यांना ठाऊक असतात. मला हवं असतं, राहायचं कोण कोण.

– बरं, मग कोण कोण राहायचं?

– बडी बडी घराणी. भिंतीच्या आत राहायचा मान त्यांचा. नावाआधी ‘दोम’ लावायचे. वसईकर इतके ‘दोम’ लावायचे की बाकीचे पोर्तुगीज त्यांची थट्टा करत, असं लिहून ठेवलंय. कारागीर, कोळी, माळी, बहुतेक भिंतीबाहेर. काम दिवसा आत, मुक्काम बाहेर.

– म्हणजे आपल्या त्या मोठ्या टॉवरसारखं. मोलकरणीला लिफ्ट वेगळी.

– अगदी! आणि यांचं चालायचं कशावर? तर गावांवर. वसई, साष्टी, मुंबई, ठाणं, सगळा हा पट्टा पोर्तुगालचा राजा या लोकांना गावं तोडून द्यायचा. बहुतेक तीन पिढ्यांचा करार. तुम्ही राहायचं, पीक गोळा करायचं, राजाला त्यातलं ठरलेलं द्यायचं. आणि ऐका, यात बायकांचं चालायचं बरंच. गाव मुलीच्या नावावर असलं तर ज्याच्याशी ती लग्न करेल त्याच्याकडे गाव जाणार. पोर्तुगालहून अनाथ मुली जहाजात बसवून गोव्याला पाठवायचे, राजाच्या खर्चाने. त्यातली जी कुणाशी लग्न करेल तिच्या नवऱ्याला एखादी नोकरी नाहीतर गाव.

– म्हणजे अनाथ पोरगी, पण नवरा मात्र गावाकडे बघून हो म्हणणार.

– आणि काय! सहा-सहा महिने बोटीत, ताप, उलट्या, पाठीमागे कुणी नाही, समोर कोण असेल ते माहीत नाही. कितीजणी वाटेत गेल्या असतील देव जाणे. त्यातलीच कुणी इथं वसईत येऊन चौसोपी घरात राहिली असेल आणि दुसऱ्या कुणाच्या पोरीला नाकं मुरडली असतील. हुंडा हुंडा म्हणतो ना आपण, अहो, मुंबई काय आहे? हुंडाच. पोर्तुगालची राजकन्या इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली, १६६१ साली, आणि मुंबई हुंड्यात. तेव्हा मुंबई वसईच्या कारभाराखाली होती हो! वसईवाल्यांना कळलं तेव्हा त्यांचा जळफळाट झाला. गोव्याच्या पोर्तुगीज साहेबानेही टाळाटाळ केली, आज देतो, उद्या देतो. शेवटी १६६५ साली फेब्रुवारीत इंग्रजांना मिळाली. आणि ती कुणाच्या घरात बसून दिली माहितीय? एका विधवा बाईच्या. दोना इग्नेझ दि मिरांडा. मुंबई बेट तिच्याकडे होतं तेव्हा. तिच्याच वाड्यात कागद झाले. लंडनला कुणाचं तरी लग्न ठरलं आणि मुंबईत हिच्या दिवाणखान्यात परके लोक खुर्च्या ओढून बसले.

– तिला विचारलं असेल का कुणी?

– कोण विचारतंय! चहापाणी मात्र तिनेच केलं असेल.

– चहा होता तेव्हा?

– तुमचं म्हणजे ना... बरं, काय असेल ते पाणी. शरबत.

– आणि ते थडगी वगैरे काही दिसतात का? आमची पुतणी कॉलेजच्या सहलीला गेली होती, ती म्हणाली थडग्यांवरून चालावं लागतं.

– हो. सेंट अँथनीचं जे चर्च आहे, फ्रान्सिस्कन लोकांचं, तिथं फरशीच सगळी थडग्यांची. चांगल्या माणसाएवढ्या लांब काळ्या शिळा, एकाला एक लागून. मी एकीपाशी खाली बसले, गुडघा ओरडत होता तरी. अक्षरं मोठी, रोमन, कोरून खोल काढलेली; पण मधल्या ओळी इतकी वर्षं पायाखाली येऊन गुळगुळीत झालेल्या. कडेच्या ओळी वाचता येतात, मधल्या नाहीत. एका शिळेवर घराण्याचं चिन्ह, ढालीसारखं. फटींतून गवत, आणि एका अक्षराच्या खाचेतून लाल मुंग्यांची रांग चाललेली. सूनबाईने ते ट्रेकचे बूट काढले नि हातात घेतले. म्हणाली, आई, माणसांवरून चपला घालून कशी चालू. हे म्हणाले, अगं, मेल्यावरसुद्धा लोकांच्या पायाखाली असावं, नम्रता म्हणून लोक मुद्दाम चर्चच्या फरशीत पुरून घ्यायचे. तरी तिने बूट घातले नाहीत. मला आवडलं ते. एरवी हिचं माझं किती पटतं ते तुम्हाला माहितीय.

– ऐकतेय मी रोज, स्वयंपाकघराच्या खिडकीतून.

– असू दे. पण तिथं एक जोडपं आलं होतं. वहिनी, मुलगी लाल गाऊनमध्ये, तो गाऊन असा दहा हात मागे पसरलेला, दोन पोरं तो उचलून धरायला. मुलगा पांढऱ्या सुटात, घामाने निथळतोय. फोटोवाला ओरडतोय, “मॅडम, प्यारसे देखो, प्यारसे!” ती त्याच्याकडे बघते, तो उन्हाकडे बघतो. आणि उभे कुठं? त्याच शिळेवर. खाली कोण ते दोघांना पत्ता नाही. किल्ल्यात दुसऱ्या टोकाला आणखी दोन जोडपी, चर्चच्या कमानीत एक. पुरातत्त्व खात्याची पाटी शेजारी. त्या इंग्रज गाण्यावाल्यांनी, कोल्डप्लेने, इथं त्यांच्या गाण्याचं शूटिंग केलं ना, मुलगा सांगत होता. मग काय, सगळ्यांना तीच कमान पाहिजे.

– आमच्या अनुचं पण तिथंच केलं होतं, प्री-वेडिंग. पंचवीस हजार घेतले.

– अय्या! मग मी काही बोलत नाही. लाल गाऊन होता का?

– निळा.

– निळा बरा. बरं, दुपारी जेवायचं कुठं? किल्ल्यात काही मिळत नाही, हे मला ठाऊक होतं म्हणून तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणीची चटणी, दहीभात, सगळं बांधून नेलं होतं. मुलगा म्हणे, आई, तिथं झोमॅटो येतं. येऊ दे, म्हटलं. पुऱ्या काढल्यावर कुणी झोमॅटोचं नाव नाही काढलं. बंदराच्या दरवाज्याजवळ सावलीत बसलो. तिथून खाडी दिसते, पलीकडे भाईंदर. आता ती गाड्या नेणारी बोट सुरू झालीय, रो-रो, भाईंदर ते वसई. नातवाला तीच बघायची होती, चिमाजी आप्पा राहिले बाजूला.

– आणि बोंबील? किल्ला बंदरला वलांडीवर सुकत घातलेले असतात ना, रांगाच्या रांगा?

– असतात तर. तुमच्यासाठी भाव पण विचारला. बाई म्हणाली, आधी सांगा घेणार का. मी म्हटलं, शेजारणीला. ती म्हणाली, मग शेजारणीला पाठवा. घरात आणायची सोय नाही आमच्याकडे, नाहीतर आणले असते. पण वास अख्ख्या रस्त्यावर. सूनबाई रुमाल लावून, आणि नातू म्हणतो, आजी, छान वास आहे. हा कुणावर गेलाय, कुणास ठाऊक.

– माझ्यावर. तुमच्याकडे नाही मिळत ते तो माझ्याकडे खातो, सांगून ठेवते.

– मला माहीत नाही असं वाटतं तुम्हाला? असो. पुऱ्या खाताना मी यांना म्हटलं, आता सांगा तुमचं. शेवटचा तह सांगा. तर हे खूश. तुम्हाला पण सांगते. मराठ्यांनी ठाणं १७३७ लाच घेतलं होतं, साष्टी घेतली. राहिली ही वसई. चिमाजी आप्पा म्हणजे थोरल्या बाजीरावाचा धाकटा भाऊ. प्रकृती तोळामासा, छाती अधू. आणि ह्या माणसाने वसईच्या चिखलात, तीन बाजूंनी पाणी, वेढा लावला. बुरुजाखाली सुरुंग नेले, काही उलटेच फुटले, आपलीच माणसं गेली. माणसं इतकी गेली की मोजदाद नको. वज्रेश्वरीला नवस बोलले, वसई घेतली तर देऊळ बांधीन. ते बांधलंही, गणेशपुरीच्या जवळ, किल्ल्यासारखं. तुम्ही गेलात ना कुंडांवर?

– दरवर्षी जातो. पण ते चिमाजी आप्पाने बांधलंय हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मी आपली पायऱ्या मोजायची.

– तेच ते. शेवटी १६ मे १७३९. किल्ल्याच्या कप्तानाने सही केली. आणि तहात काय? बायका-पोरं, सामान, सगळ्यांना सुखरूप जाऊ देऊ. आणि आवरायला मुदत आठवडाभराची. वहिनी, माझा घास हातातच राहिला. आठवडा! दोनशे वर्षांचं गाव आवरायचं आठवड्यात. मे महिना, ऊन, पाऊस तोंडावर, गलबतं मोजकी. काय न्यायचं काय ठेवायचं? आजीचा पलंग? देवघरातली मूर्ती? ज्या शिळेखाली बाप पुरलाय ती काय उचलून नेणार?

– तुमची अकरा नंबरवाली आठवली मला.

– मला तीच आठवली! तिला तर बिल्डरने सहा महिने दिले होते. शेवटच्या दिवशी टेम्पोत बसताना परत उतरली, झोपाळ्याच्या कड्या काढून आणल्या. झोपाळा नाही, नुसत्या कड्या. फ्लॅटमध्ये कुठं लावणार त्या?

– लावल्यात. बाल्कनीत, कपडे वाळत घालायच्या दोरीला.

– खरं सांगता? तुम्ही गेला होतात?

– वास्तुशांतीला. तुम्हाला बोलावणं नव्हतं?

– होतं, पण... ते जाऊ दे. तर वसईची मोठी घराणी गेली गोव्याला, काही मुंबईला इंग्रजांकडे. पण सगळे ख्रिश्चन गेले असं नाही बरं का. शेतकरी, माळी, कोळी, ते कुठं जाणार? त्यांची जमीन इथली, विहिरी इथल्या. ते राहिले. आजही वसईत फिरा, केळीच्या बागा, पानमळे, फुलांचे वाफे आणि मध्ये चर्च. बोली त्यांची स्वतःची, ऐकायला गोड, अर्धी कळते अर्धी नाही. आमचा रिक्षावाला त्यातलाच. फादर दिब्रिटो वसईचेच ना, ‘सुवार्ता’ मासिक चालवायचे, उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२० ला.

– हो हो, टीव्हीवर भाषण ऐकलं होतं. किती स्वच्छ मराठी.

– आणि त्यांचा एक संतही आहे, वसईतच जन्मलेला. गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज, आई इथली. जपानला गेला आणि तिथं नागासाकीला क्रुसावर चढवला, १५९७ साली. संत म्हणून जाहीर केलं १८६२ ला. म्हणजे निकाल लागायला अडीचशे वर्षांवर लागली. आपल्याकडच्या कोर्टापेक्षा जरा हळू.

– आणि मराठ्यांनी घेतल्यावर? मग गाव भरलं ना परत?

– भरलं तसं. नागेश्वराचं देऊळ आहे आत, मारुती आहे, वज्रेश्वरी पण आहे. पण ती पूर्वीची भरभराट नाही आली. चिमाजी आप्पाला तर उपभोग मिळालाच नाही. पुढच्या एप्रिलमध्ये बाजीराव गेला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात हा. मुलगा मागे राहिला दहा वर्षांचा, सदाशिवराव.

– पानिपतवाला भाऊ?

– तोच. वसईवाल्याचा मुलगा पानिपतावर. आणि आता घरातली गोष्ट ऐका. बाजीरावाचा मुलगा राघोबा, राघोबाचा मुलगा दुसरा बाजीराव. त्याला होळकराने पुण्यातून पळवला, १८०२ ला. पळत पळत कोकणात, तिथून इंग्रजांच्या जहाजाने कुठं आला? वसईला. आणि तिथं इंग्रजांशी तह केला, राज्य गहाण टाकल्यासारखा. चुलत आजोबाने ज्यासाठी एवढी माणसं घातली त्याच गावात बसून नातवाने सही केली. तारीख सांगू? ३१ डिसेंबर.

– थर्टीफर्स्ट! म्हणजे तेव्हापासूनच लोक त्या रात्री वाट्टेल ते करून बसतात.

– आमचे हे इतके हसले असते, पण मी त्यांना सांगणार नाही. स्वतःचा विनोद म्हणून खपवतील.

– पण ताई, एक मला कळेना. आठवड्यात आवरलं म्हणता, पण चर्चमधलं केवढं काय असेल. ते सगळं नेलं?

– नेण्यासारखं नेलं असेल. पण घंटा? त्या काही कुणी काखोटीला मारून नेऊ शकत नाही. आठ-दहा चर्चच्या घंटा, ओतीव, प्रचंड. त्या मराठ्यांनी उतरवल्या. एखाद्या सरदाराने आपल्या देवाला, दुसऱ्याने दुसऱ्याला. भीमाशंकरला आहे, वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्याखाली घाटावर आहे. तुम्ही बघितली असेल, ‘स्वदेस’ सिनेमातला घाट तो. आणि एक तुमच्या माहेरी.

– नाशिकला? कुठं?

– अहो, नारोशंकराची घंटा!

– काय सांगता! ती पोर्तुगीजांची?

– वसईची. नारोशंकर राजेबहाद्दर होते ना, त्यांनी देऊळ बांधलं गोदावरीकाठी, १७४७ च्या सुमाराला. रामकुंडाच्या समोर. तिथं वर टांगलीय.

– अहो ताई, मी त्या घंटेच्या खाली वाढले. आमचा वाडा तिथून चार पावलं. पूर आला की आमचे आजोबा खिडकीत उभे राहून विचारायचे, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं? कमरेला आलं, गळ्याला आलं. आणि मग सगळ्यांत शेवटचं, नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलं का? एकोणसत्तरच्या पुरात घंटेपर्यंत चढलं होतं. मी लहान होते, आईने आम्हाला माळ्यावर बसवलं होतं. आजही पाऊस जास्त झाला की भाऊ फोनवर हेच सांगतो, मारुती अजून दिसतोय. आणि ती घंटा कुणा चर्चची होती, हे नाशिकला मला कुणी म्हणजे कुणी सांगितलं नाही!

– देवळात टांगली की ती देवाचीच झाली, कोण कशाला सांगतंय. आता गेलात की जवळ जाऊन बघा. क्रूस आहे का बघा, आणि साल कोरलंय म्हणतात. चष्मा न्या.

– दिवाळीत जाणारच आहे भाऊबीजेला. पण त्याआधी आम्हाला त्या कोपरच्या गाडीची वेळ द्या. आणि यांना नको, आपण दोघीच जाऊ. बोंबील मी घेईन, पिशवी तुम्ही धरू नका म्हणजे झालं.

– धरेन की. कोपरपर्यंत धरेन. पुढं रिक्षात तुमच्या पायाशी.

– आणि तुमचं दूध घ्या आधी. कालपासून माझ्या फ्रिजमध्ये आहे, मला दह्याला जागा नाही.